क्षय अजून का जात नाही?

वाचकहो, क्षयाचे नाव तुम्ही ऐकलेच असेल. कोणी त्याला टीबी म्हणतात. जुनी माणसे तर नावही घेत नाहीत. "त्याला ते दुखणं लागलं," एवढेच हळू आवाजात बोलतात.

या रोगावर औषध आहे. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते. ते नेमाने घेतले तर बहुतेक रोगी खडखडीत बरे होतात. असे असूनही २०२४ या एका सालात साऱ्या जगात सुमारे १ कोटी ७ लाख माणसांना क्षय झाला आणि १२ लाखांवर माणसे त्याने दगावली. त्या रोग्यांपैकी चौथा हिस्सा एकट्या आपल्या देशातला होता.

औषध असून माणूस मरतो, हे कोडे आहे. ते आपण आज सोडवून पाहू.

आम्ही दुसरबीडचे. मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे गाव आहे. आमचे आयुष्य पोरांना शिकवण्यात गेले. आम्ही डॉक्टर नव्हे. पण वाचावे, जाणत्यांना विचारावे आणि समजले ते सोपे करून चार जणांना सांगावे, हे मास्तराचे कामच आहे.

राजालाही सोडले नाही

क्षय हा गरिबांचा रोग, असे आपण म्हणतो. गरिबाला तो जास्त होतो हे खरे. पण एके काळी त्याच्यापुढे राजा आणि रंक सारखेच होते.

पानिपतानंतर मराठ्यांचे राज्य ज्यांनी सावरले ते थोरले माधवराव पेशवे क्षयानेच गेले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला त्यांनी देह ठेवला. तेव्हा त्यांचे वय अवघे २७ वर्षांचे होते. पेशव्यांना वैद्यांची वाण नव्हती, पैशाचीही नव्हती. पण कोणाचा काही इलाज चालला नाही.

पुढे शंभर वर्षांनीही तीच गत. आनंदीबाई जोशी अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्या परत आल्या त्या आजार घेऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. त्यांना २२ वे वर्षही पुरे झाले नव्हते. स्वतः डॉक्टर, पण आपल्याच रोगावर औषध नाही!

आपल्या विदर्भातली गोष्ट घ्या. नाटककार राम गणेश गडकरी नागपूरजवळच्या सावनेरला २३ जानेवारी १९१९ रोजी क्षयाने वारले. वय ३३.

या तिघांना वाचवणारे औषध तेव्हा जगातच नव्हते. आज ते आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात आहे. म्हणून आज क्षयाने मरणारा माणूस पाहिला म्हणजे जास्त वाईट वाटते. पेशव्याला जे मिळाले नाही ते त्याला मिळण्यासारखे होते.

जंतू कसा असतो?

क्षय हा पूर्वजन्मीच्या पापाने होत नाही. करणीने होत नाही. आईबापांच्या रक्तातूनही येत नाही. तो एका बारीक जंतूने होतो. जर्मनीतल्या रॉबर्ट कॉख नावाच्या डॉक्टराने हा जंतू शोधला. २४ मार्च १८८२ रोजी त्यांनी तो शोध बर्लिन शहरात जाहीर केला. म्हणून २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन पाळतात.

हा जंतू हवेतून पसरतो. छातीचा क्षय झालेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो, तेव्हा बारीक तुषार बाहेर पडतात. त्यांत जंतू असतात. कोंदट खोलीत ते बराच वेळ तरंगत राहतात. दुसऱ्याने श्वास घेतला की ते त्याच्या छातीत जातात. ताटवाटीने, कपड्याने, हात लावल्याने क्षय लागत नाही.

पण जंतू आत गेला म्हणजे लगेच क्षय झाला असे नव्हे. आपले शरीर त्याला कोंडून ठेवते. जगातल्या चार माणसांत एकाच्या शरीरात हा जंतू केव्हा तरी शिरलेला असतो, असा अंदाज आहे. अशा शंभर माणसांपैकी पाच ते दहांनाच पुढे आयुष्यात केव्हा तरी रोग होतो. बाकीच्यांत जंतू निपचित पडून राहतो. वावरात गवताचे बी कोरड्या मातीत कसे पडून असते? पाऊस पडला की तेच बी उगवते. तसेच हे. माणूस उपाशी राहिला, अशक्त झाला, मधुमेह जडला, एचआयव्हीची लागण झाली, दारू-विडीने पोखरला की निजलेला जंतू उठतो.

हा जंतू बहुधा फुप्फुसात घर करतो. पण गळ्याच्या गाठी, मणका, हाडे, मेंदू यांतही तो शिरतो. मानेला गाठ आली आणि महिनोन्महिने बसत नाही, तर ती क्षयाची असू शकते.

या जंतूचा आणखी एक गुण लक्षात ठेवा. तो फार सावकाश वाढतो. साधे जंतू अर्ध्या तासात एकाचे दोन होतात. क्षयाच्या जंतूला त्यासाठी जवळजवळ एक दिवस लागतो. जो जंतू वाढत असतो त्याला औषध लवकर मारते. जो दडी मारून बसतो त्याला मारायला वेळ लागतो. म्हणून क्षयाचे औषध महिनोन्महिने घ्यावे लागते.

औषध कसे हाती आले?

१९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन नावाचे औषध सापडले. क्षयावरचे हे पहिले खरे औषध. रोगी पटापट सुधारू लागले. पण काही महिन्यांतच अनेकांचे दुखणे उलटले. औषध तेच, पण जंतू त्याला जुमानीनासे झाले.

असे का झाले? शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. कपाशीवर वर्षानुवर्षे एकाच जातीचे विष वापरले म्हणजे काय होते? बहुतेक अळ्या मरतात. एखादी चिवट अळी वाचते. तिचीच पिलावळ पुढे सारे वावर खाते. गुलाबी बोंडअळीने आपल्याला हा धडा चांगलाच शिकवला आहे. क्षयाच्या कोट्यवधी जंतूंतही एखादा असा चिवट असतो. एकच औषध दिले तर तो वाचतो आणि वाढतो.

डॉक्टरांनी यावर तोड काढली. एकाच वेळी दोन-तीन औषधे द्यायची. एकातून सुटला तो दुसऱ्यात सापडतो. १९५२ साली आयसोनियाझिड आले. पुढे रिफाम्पिसिन आले. आज साध्या क्षयाला सहा महिने औषध देतात. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन. रोग्याच्या वजनाप्रमाणे गोळ्या ठरतात.

यात आपल्या देशाचाही मोठा वाटा आहे. पूर्वी क्षयरोग्याला गावापासून दूर, डोंगरावरच्या आरोग्यधामात ठेवीत. चांगली हवा, चांगले जेवण आणि विश्रांती हाच इलाज असे. पण लाखो गरिबांना अशा खाटा कोठून आणायच्या? १९५६ साली मद्रासला क्षयाच्या औषधांचा अभ्यास करणारे केंद्र निघाले. तेथे काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवले, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच औषध दिले. वर्षभराने पाहिले तर दोघांचे गुण जवळजवळ सारखेच! घरच्या माणसांनाही जास्त धोका झाला नाही. १९५९ साली हे जाहीर झाले आणि जगभर क्षयाचा उपचार घरी होऊ लागला. १९६२ साली भारताने राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू केला.

म्हणजे ज्ञान आहे, औषध आहे, यंत्रणाही आहे. मग घोडे अडते कोठे? आता त्या अडचणी एकेक करून पाहू.

पहिली अडचण: उशीर

"काय होते खोकल्यानं? थंडीचा हाय, जाईल चार दिवसांत." असे म्हणून माणूस आजार अंगावर काढतो. पोट हातावर असले म्हणजे दवाखान्यात जायला दिवस मोडतो, मजुरी बुडते. मग दुकानातून खोकल्याची बाटली आणायची. ती संपली की दुसरी. तोवर दोन-तीन महिने जातात.

२०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर क्षयाची मोठी पाहणी केली. ज्यांना क्षयाची लक्षणे होती, अशा शंभर माणसांपैकी ६४ जण कोणत्याही दवाखान्यात गेले नव्हते! आणखी एक गोष्ट दिसली. जे रोगी सापडले त्यांतल्या शंभरापैकी चाळिसांहून अधिक जणांना नेहमीची लक्षणे नव्हतीच. छातीचा फोटो काढला म्हणून ते कळले. म्हणून गावात छातीच्या तपासणीचे शिबिर आले तर "मला काही होत नाही" असे म्हणून घरी बसू नये.

उशिराने दोन तोटे होतात. रोग्याचे फुप्फुस खराब होते, हा एक. दुसरा असा की औषध न घेणारा छातीचा रोगी वर्षभरात दहा-पंधरा जणांच्या शरीरात जंतू घालू शकतो. यांत परके कोण असणार? त्याची बायको, लेकरे, म्हातारी आईच. औषध सुरू झाले म्हणजे थोड्या आठवड्यांत हा धोका बहुतेक जातो.

तेव्हा दोन आठवडे खोकला राहिला, संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला, वजन घटले, भूक मेली, रात्री घाम सुटू लागला किंवा थुंकीत रक्त दिसले, तर थुंकी तपासून घ्यावी. थुंकी म्हणजे तोंडातली लाळ नव्हे, छातीतून आलेला बेडका. सकाळचा बेडका तपासायला चांगला.

तपासणी आता सोपी झाली आहे. गोव्यात ट्रूनॅट नावाचे एक छोटे यंत्र तयार झाले. ते बॅटरीवर चालते. दीड-दोन तासांत ते क्षय आहे की नाही सांगते. रिफाम्पिसिन लागू पडेल की नाही हेही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्याला मान्यता दिली. आता ते परदेशांतही वापरतात.

दुसरी अडचण: अर्धवट औषध

समजा, एका गड्याला क्षय झाला. गोळ्या सुरू झाल्या. महिना-दीड महिन्यात ताप गेला, खोकला थांबला, भाकर गोड लागू लागली. गड्याला वाटले, आपण बरे झालो. त्यात गोळ्यांनी मळमळते, लघवी तांबडी होते. कोणी म्हणाले, "गोळ्या उष्ण पडल्या." झाले! गोळ्या बंद.

वावरातली हराळी वरून कापली तर रान साफ दिसते. पण काशी मातीत तशाच असतात. क्षयाचेही तसेच आहे. बरे वाटणे वेगळे आणि बरे होणे वेगळे. मधेच औषध सोडले तर राहिलेले चिवट जंतू वाढतात. मग साध्या गोळ्या चालत नाहीत. असा रोगी खोकला तर त्याच्यापासून दुसऱ्याला तोच चिवट रोग लागतो. त्या दुसऱ्याने तर एक गोळीही चुकवलेली नसते.

हे नुसते भय दाखवणे नव्हे. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०११ सालच्या शेवटी असे काही रोगी जगापुढे मांडले की ज्यांच्या जंतूंवर तपासलेले एकही औषध चालत नव्हते. साऱ्या जगात खळबळ उडाली. २०१२ साली सरकारने नियम केला की क्षयाचा रोगी आढळला की खाजगी डॉक्टरानेही सरकारला कळवले पाहिजे. रक्त तपासून क्षय ओळखण्याच्या काही फसव्या चाचण्या त्या काळी चालत. त्यांवरही त्याच साली बंदी आली.

लघवी तांबडी होते ती रिफाम्पिसिनमुळे. त्यात भिण्यासारखे काही नाही. पण डोळे पिवळे झाले, फार उलट्या झाल्या किंवा नजर मंद झाली, तर ताबडतोब दवाखान्यात सांगावे. डॉक्टर औषध बदलून देतात. आपल्या मनाने मात्र सोडू नये. औषध चालू असताना दारू तर शिवूच नये, कारण यकृतावर दुहेरी भार पडतो.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. दर वेळी चूक रोग्याचीच असते असे नाही. २०२४ सालच्या सुरुवातीस देशात ठिकठिकाणी क्षयाच्या औषधांचा तुटवडा पडला होता. रोगी दारात उभा आणि कपाट रिकामे, असे होता कामा नये. रोग्याने नेम पाळावा, तसा सरकारनेही पाळावा.

तिसरी अडचण: रिकामे पोट

उपाशी शरीर जंतूला कोंडून ठेवू शकत नाही. आपल्या देशात क्षय होण्याचे सर्वांत मोठे कारण अपुरे अन्न हेच आहे.

झारखंडात २०१९ सालापासून एक मोठा प्रयोग झाला. सुमारे २,८०० रोगी आणि त्यांच्या घरची १०,००० वर माणसे त्यात होती. सगळ्या रोग्यांना औषध आणि शिधा दिला. निम्म्या गावांत रोग्याच्या घरच्या माणसांनाही दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांना धान्य मिळाले तेथे क्षयाचे नवे रोगी सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघाले. छातीच्या, पसरणाऱ्या क्षयाच्या बाबतीत तर जवळजवळ निम्मे! कोणतीही नवी लस नाही, सुई नाही. नुसते डाळ-तांदूळ. रोग्यांच्या बाबतीतही असे दिसले की पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन वाढले त्यांच्यात मरणारे पुष्कळ कमी.

सरकारची निक्षय पोषण योजना २०१८ साली सुरू झाली. उपचार चालू असेपर्यंत रोग्याच्या बँकखात्यात आधी दरमहा ५०० रुपये येत. नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये ठरले. हा आपला हक्क आहे, भीक नव्हे. खाते नसेल तर काढून घ्यावे, नोंद झाली का ते विचारावे. आणि पैसे आले की त्यांचे अन्नच आणावे. ज्वारी-बाजरीची भाकर, तुरीचे वरण, मटकी, भुईमुगाचे दाणे, अंडी, दूध, हिरवी भाजी. महाग टॉनिकच्या बाटलीची गरज नाही.

चौथी अडचण: लाज

क्षयाचे नाव निघाले की माणसे दूर सरतात. लग्नाची पोर असेल तर आईबाप रोग लपवतात. पदरात गोळ्या बांधून पोर चोरून औषध घेते किंवा घेतच नाही. सून आजारी पडली तर काही घरी तिला माहेरी धाडतात. "बरी झाली की आणू," म्हणतात. तिचे ताट वेगळे, अंथरूण वेगळे, लेकरू वेगळे.

आम्ही अशा घरांना एकच विचारतो. हाच रोग मुलाला झाला असता तर त्याला कोठे धाडले असते?

ताट वेगळे करण्याची गरजच नाही हे आपण वर पाहिले. गरज आहे ती खिडकी उघडी ठेवण्याची. रोग्याने तोंडाला फडके बांधावे. पहिले काही आठवडे वेगळ्या खोलीत किंवा मोकळ्या ओसरीवर निजावे. झाकणाच्या डब्यात थुंकावे आणि ती थुंकी जाळावी किंवा पुरावी. एवढे केले की झाले. कोरोनाच्या साथीत आपण सगळ्यांनीच तोंड बांधले होते. तेव्हा कोणाची लाज गेली नाही. आताच का जावी?

लाजेने रोग जात नाही. लाजेने फक्त रोगी एकटा पडतो. एकटा पडलेला माणूस औषध लवकर सोडतो.

पाचवी अडचण: पोटामागे फिरणे

आपल्या भागातली ही खास अडचण आहे. दिवाळीच्या सुमारास कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. काही वीटभट्टीवर, काही पुण्या-मुंबईला बांधकामावर. मुकादमाची उचल घेतलेली असते. टोळीबरोबर जावेच लागते. फडात भल्या पहाटे कोयता हाती घ्यायचा आणि रात्री पाचटाच्या खोपीत निजायचे. तेथे दवाखाना कोठला?

सहा महिन्यांचे औषध आणि सहा महिन्यांची ऊसतोड! दोन्हींचा मेळ बसेना म्हणून औषध सुटते.

यावर उपाय आहे, पण तो फार थोड्यांना ठाऊक असतो. प्रत्येक रोग्याची नोंद निक्षय नावाच्या सरकारी संगणक-वहीत होते. त्याला एक क्रमांक मिळतो. गाव सोडण्याआधी आरोग्यसेवकाला किंवा आशाताईला सांगावे, "आम्ही अमुक तालुक्यात चाललो." मग त्या तालुक्यातल्या दवाखान्यात औषध चालू ठेवता येते. तो क्रमांक लिहिलेले कार्ड कोयत्याइतकेच जपावे. कोठे जावे हे सुचत नसेल तर १८००-११-६६६६ या क्रमांकावर फुकट फोन करून विचारता येते.

आणि मुकादमांनाही आमचे सांगणे आहे. खोकणाऱ्या गड्याला दोन दिवस दवाखान्यात जाऊ द्या. नाहीतर सारी टोळी खोकू लागेल.

सहावी अडचण: जगाची

काही गाठी गावात सुटत नाहीत. चिवट क्षयावर बेडाक्विलिन नावाचे चांगले औषध निघाले. पण त्यावर कंपनीचे पेटंट होते. पेटंट म्हणजे ते औषध दुसऱ्या कोणी करू नये असा हक्क. मक्ता एकाचा म्हणजे किंमतही त्याचीच. कंपनीने हा हक्क २०२७ सालापर्यंत वाढवून मागितला. तेव्हा दोन बाया उभ्या राहिल्या. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले. क्षयावरच्या जुन्या इंजेक्शनांनी दोघींचे कान गेले होते. दोघींनी भारताच्या पेटंट कार्यालयात हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये कार्यालयाने कंपनीची मागणी फेटाळली. मग दुसऱ्या कंपन्यांना स्वस्तात ते औषध करण्याची वाट मोकळी झाली. रोगी नुसता औषध घेणारा नसतो, तो हक्कासाठी भांडूही शकतो, हे त्या दोघींनी दाखवले.

पूर्वी चिवट क्षयाला दीड-दोन वर्षे औषध आणि महिनोन्महिने सुया घ्याव्या लागत. आता नुसत्या गोळ्यांचा सहा महिन्यांचा उपचार निघाला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या सरकारने त्याला मंजुरी दिली.

लसीचे काय, असे तुम्ही विचाराल. बीसीजीची लस १९२१ साली प्रथम दिली गेली. आजही बाळ जन्मले की ती देतात. लहान लेकरांना मेंदूच्या भयंकर क्षयापासून ती वाचवते, म्हणून ती टोचलीच पाहिजे. पण मोठ्या माणसाच्या छातीच्या क्षयाला ती फारशी आवरत नाही. शंभर वर्षे झाली, तिच्यापेक्षा चांगली लस अजून हाती आली नाही. कारण उघड आहे. जो रोग मुख्यतः गरिबांना होतो त्याच्या शोधावर पैसा थोडा लागतो. त्यात २०२५ साली अमेरिकेने परदेशांना देण्याची मदत एकाएकी मोठ्या प्रमाणात थांबवली. गरीब देशांतली क्षयाची कामे त्यामुळे अडखळली.

कोरोनाच्या साथीतही असेच झाले. २०१९ साली भारतात क्षयाचे सुमारे २४ लाख रोगी नोंदले गेले होते. २०२० साली १८ लाखच. रोग कमी झाला नव्हता. दवाखान्याची वाट बंद होती, म्हणून रोगी सापडले नव्हते.

मग काही झालेच नाही काय?

तसे नाही. २०१५ साली भारतात दर लाख माणसांमागे वर्षाला २३७ जणांना क्षय होत असे. २०२४ साली हा आकडा १८७ वर आला. २०२५ सालापर्यंत क्षय संपवू असे आपल्या देशाने ठरवले होते. ते साधले नाही. पण गाडी योग्य रस्त्यावर आहे. तिचा वेग मात्र कमी आहे.

हा वेग वाढवणे थोडेसे आपल्याही हाती आहे. घरात एकाला क्षय निघाला तर बाकी सगळ्यांनी तपासून घ्यावे. रोग नसला तरी जंतू झोपेत असतानाच मारण्याचे औषध डॉक्टर देतात. ते नाकारू नये. ग्रामसभेत गटारी-रस्त्याबरोबर हाही विषय काढावा. आपल्या गावात किती रोगी आहेत, त्यांना गोळ्या वेळेवर मिळतात का, पोषणाचे पैसे आले का, हे विचारावे. नावे मात्र चारचौघांत वाचू नयेत. शेजारी औषध घेत असेल तर "आज गोळी घेतली का?" एवढे मायेने विचारावे. औषधाइतकाच त्या शब्दाचा आधार असतो.

आणि वाचकहो, तुम्ही आता वाचायला शिकला आहात. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख, कार्डावरचा क्रमांक, दवाखान्यातला फलक तुम्हीच वाचू शकता. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा.

ध्यानात ठेवा

दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर थुंकी तपासावी.
क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.
बरे वाटले तरी डॉक्टर सांगतील तोवर गोळ्या सोडू नयेत.
गाव सोडताना दवाखान्यात सांगावे आणि कार्ड जवळ ठेवावे.
रोग्याला पोटभर अन्न द्यावे, घरात मोकळी हवा येऊ द्यावी.
रोगाला दूर करावे, रोग्याला करू नये.

वर्गात बोला

१. बरे वाटणे आणि बरे होणे यांत काय फरक आहे?
२. एका रोग्याने औषध मधेच सोडले तर त्याचा त्रास गावाला कसा होतो?
३. आपल्या गावातून कामासाठी बाहेर जाणाऱ्यांना औषध चालू ठेवता यावे म्हणून काय करता येईल?